कापलेला कोपरा

नवरा गेला तेव्हा मी रडले नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण आमच्या ओतुरात ते माझ्याआधी सगळ्यांना माहीत झालं होतं.

तो वायरमन होता. तीस वर्षं खांबावर चढला-उतरला, कधी शॉक बसला नाही, आणि पौषातल्या एका सकाळी घरात, कोरड्या जागी, दाढीचा ब्रश हातात घेऊन खाली बसला तो उठलाच नाही. माणसं जमली. बायकांनी गळा काढला. मी आत जाऊन साखरेचा डबा शोधत होते. मयताच्या घरी चूल पेटवत नाहीत, एवढंही माझ्या लक्षात राहिलं नव्हतं. समोरच्या काकूंनी माझ्या हातातलं पातेलं काढून घेतलं आणि मला धरून बाहेर आणून बसवलं. बसवलं तशी मी बसले.

दुपारी त्याची थोरली बहीण मढहून आली. मी तिला वन्सं म्हणते. आमच्याकडे बाई मयताला येते ती दारात येऊन रडायला सुरुवात करत नाही, गल्लीच्या तोंडापासून रडत येते, आणि घर गाठेपर्यंत गेलेल्या माणसाचे सगळे गुण मोठ्याने सांगून होतात. वन्संनी तसंच केलं. त्याचं लहानपण, त्याचं झाडावरून पडणं, दर भाऊबीजेला न चुकता येणं, सगळं सांगत त्या आल्या आणि माझ्या गळ्यात पडल्या. बराच वेळ रडल्या. मग जरा मागे सरून त्यांनी माझं तोंड बघितलं.

"माझा भाऊ गेला अन् हिच्या डोळ्यात टिपूस न्हाई," त्या सगळ्या बायकांसमोर म्हणाल्या. "बाई हाय का दगड?"

दहाव्याला नदीवर त्या माझ्यापासून चार हात लांब बसल्या, आणि तेरावं झाल्यावर पिशवी उचलून, माझ्याकडे न बघता, गाडीला गेल्या. त्यानंतर नऊ महिने त्यांचा निरोप नाही, फोन नाही.

मी त्यांना दोष देत नाही. मलाही माझं नवलच वाटत होतं. मी त्याचा फोटो समोर ठेवून बघितला. त्याचा खाकी शर्ट नाकाशी धरून बघितला, तर त्याला साबणाचा वास येत होता, कारण तो मीच धुतला होता. काहीच वाटेना. एक दिवस कांदे चिरताना डोळ्यांतून धारा लागल्या तेव्हा मात्र मनात आलं, वन्संना आत्ता बोलवावं.

आम्हाला मूलबाळ नाही. माझं माहेर अवसरी बुद्रुकचं. आई-वडील गेले, भाऊ आहे, पण तो त्याच्या बटाट्यात आणि मुलांच्या क्लासेसमध्ये बुडालेला. चांगला आहे, सणाला येऊन जातो आणि जाताना घड्याळ बघतो. सासरकडून मला 'तू' म्हणणारं माणूस एकच उरलं होतं, वन्सं. त्या तुटल्या तर या घरात मी कुणाची कोण, हे सांगायलाच कुणी उरत नव्हतं. एवढं मला कळत होतं. कळत होतं म्हणजे बाजाराच्या यादीसारखं कळत होतं, टोचत नव्हतं.

हात मात्र चालू होते. ते कधी थांबले नाहीत.

पंचवीस वर्षं मी बाजारपेठेतल्या एका छापखान्यात लग्नपत्रिकांच्या घड्या घालायला होते. मालक जुन्नरचे, सगळे त्यांना चाचा म्हणत. त्यांच्या घराण्यात पूर्वी कागद बनवायचे. "आमच्या आजोबांच्या आजोबांनी कागद केला, अन् आमी दुसऱ्याच्या कागदाला शाई फासतो," असं ते हसत सांगत, आणि कागदाला हात लावण्याआधी स्वतःचे हात धुऊन पुसत. घडी बोटाने घालायची नसते, हे त्यांनी मला पहिल्या दिवशी शिकवलं. बोटाने घातलेली घडी फुगते. कडेला कड लावायची, मधोमध हलका दाब द्यायचा, आणि मग स्टीलच्या चमच्याची पाठ एकदाच, वरून खाली, न थांबता फिरवायची. दुसऱ्यांदा फिरवलीत की कागदाला चकाकी येते आणि गिऱ्हाईक म्हणतं, पत्रिका जुनी आहे.

दुसरी गोष्ट त्यांनी शिकवली नाही, कारण ती इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. लग्नपत्रिकेच्या कोपऱ्यांना हळदीकुंकू लावतात, आणि मयताच्या पत्राचा कोपरा फाडतात. पत्र हातात पडताच, अक्षर वाचायच्या आधी, कोपऱ्याकडे बघायचं. कोपरा नसेल तर ते पत्र घरात न्यायचं नाही, दाराबाहेर वाचायचं, तिथेच फाडून टाकायचं आणि डोक्यावरून पाणी घ्यायचं. आमच्या बंडलात मशिनमध्ये अडकून एखाद्या पत्रिकेचा कोपरा दुमडला, चिरला, तर चाचा ती बाहेर काढून टाकत. "लग्नाच्या घरी जायचंय बाई, हळदीकुंकवाविना सुकी गेलेली बरी पण तुटकी नको." हे सगळं मी मुद्दाम सांगतेय. मला माहीत नव्हतं असं पुढे कुणी म्हणू नये.

पत्रिका फोनवर जायला लागल्या आणि छापखाना दोन वर्षांपूर्वी बंद झाला. जाताना चाचांनी मला तीन जुने नमुन्यांचे अल्बम आणि एक पोतंभर कात्रणं दिली. काय कागद होते त्यात! मोराच्या नक्षीचे, सोनेरी वेलबुट्टीचे, मखमलीसारखे मऊ लाल, पैठणीच्या काठासारखे हिरवे. नवरा म्हणाला होता, पोतं माळ्यावर टाक, उंदरांना लग्न लावता येईल.

पण दिवाळीची कार्डं मी हे पोतं येण्याच्या कितीतरी आधीपासून करत होते, आणि ती वन्संमुळे. वन्संना वाचता येत नाही. लग्नानंतरच्या पहिल्या भाऊबीजेला तो मढला निघाला तेव्हा साडीसोबत काहीतरी माझ्याकडून जावं असं मला वाटलं. चिठ्ठी लिहून उपयोग नव्हता. मग खोडरबरावर ब्लेडने चित्रं कोरली, स्टॅम्पपॅडवर दाबली आणि एका दुमडलेल्या कार्डशीटवर त्या वर्षाच्या बातम्या उमटवल्या. घरावर पत्रे टाकले त्या वर्षी पत्र्याचं घर. मोटारसायकल घेतली त्या वर्षी मोटारसायकल, तिची चाकं बाटलीच्या बुचाने. घरामागच्या उसात बिबट्या आला त्या वर्षी बिबट्या कोरला. तो बघून वन्संनी विचारलं म्हणे, ही मांजर एवढी का रागावलीय.

बातमी दरवर्षी बदले, पण मांडणी एकच. डाव्या बाजूला खाली ओवाळणीचं ताट धरलेली बाई, म्हणजे वन्सं. उजव्या बाजूला वरच्या कोपऱ्यात टोपी घातलेला माणूस, म्हणजे तो. त्याने आयुष्यात टोपी घातली नाही, पण खोडरबराएवढ्या माणसाला टोपी नसेल तर तो भाऊ आहे की पाहुणा हे कळत नाही. वन्सं ती कार्डं आरशामागे खोचून ठेवत. तो परत आला की सांगे, एवढी झालीत की आता आरसा भिंतीला टेकत नाही.

तर यंदाची दिवाळी. घरात सुतकाचं वर्ष, त्यामुळे तळण नाही, आकाशकंदील नाही. शेजारच्या बायका ताटं आणून देत होत्या आणि मी 'चालेल' म्हणत घेत होते. आणि रोज दुपारी मी माळ्यावरून काढलेलं पोतं उघडून बसत होते. मैद्याची खळ शिजवायची, घडी घालायची, चमचा फिरवायचा, नक्षीचा कागद चिकटवायचा, ठसा उमटवायचा. आनंद होत नव्हता, दुःखही नव्हतं. एक झालं की दुसरं. भावाला एक, काकूंना एक, चाचांना एक, अशी दहा झाली. अकरावं वन्संचं.

ते करावं की नाही याचा मी विचार केला नाही. दरवर्षी होतं म्हणून केलं. आत गर्द हिरवा मोरांचा कागद चिकटवला. वर पांढरी घडी. ताटवाली बाई उमटवली. दोन पणत्या उमटवल्या. बातमी काय द्यायची ते सुचेना, म्हणून मधली जागा रिकामी ठेवली. मग हात पुढे गेला, त्याने डब्यातून ठसा घेतला, पॅडवर दाबला आणि उजव्या कोपऱ्यात ठेवून वर तळव्याने जोर दिला. उचलल्यावर मी बघितलं. टोपीवाला माणूस. अगदी स्वच्छ उमटला होता, मिशीसकट.

मी त्याच्याकडे थोडा वेळ बघत राहिले. हे पाठवता येणार नव्हतं, एवढं डोक्यात आलं. पांढरी चिकटपट्टी लावावी तर ती कार्डावर कळते. मग कात्री घेतली आणि वरच्या घडीचा तेवढा कोपरा तिरका कापून टाकला. नखं कापतो तसा. आतला हिरवा कागद तिथून त्रिकोणी दिसायला लागला, त्यात एका मोराची मान. वाईट दिसत नव्हतं. खरं सांगायचं तर मी आजवर केलेल्या कार्डांत ते सगळ्यात देखणं होतं.

घेऊन जायला कुणी नव्हतं, म्हणून मागे पत्ता लिहिला, तिकीट लावलं आणि पोस्टात टाकलं. पंचवीस वर्षं तुटक्या कोपऱ्याची पत्रिका बंडलातून बाहेर काढणारी बाई मी, आणि माझ्या एकदाही मनात आलं नाही. माणूस जागेपणी झोपलेला असतो म्हणतात, ते खोटं नाही.

धनत्रयोदशीचा दिवस. दुपारचे चार वाजले असतील. मी खळीने बरबटलेली बोटं घेऊन बसले होते आणि गल्लीच्या तोंडाशी रडण्याचा आवाज आला.

बाई रडत येत होती, त्या पद्धतीने. सणाच्या दिवशी कोण गेलं, म्हणून मी मनातल्या मनात घरं मोजली. चौथ्या घरातले आजोबा बरेच दिवस अंथरुणावर होते, ते असावेत. पण आवाज चौथं घर ओलांडून पुढे आला. मग मला आवाज ओळखू आला, आणि त्यानंतर शब्द.

"अगं माझ्या भावाच्या लक्ष्मे, अशी कशी गं एकटीच निघालीस! कुणाला हाक बी मारली न्हाईस गं!"

वन्सं होत्या. आणि त्या माझ्यासाठी रडत होत्या.

मी उठले. दार चार पावलांवर होतं. धावत जाऊन उघडायला हवं होतं, कुठल्याही शहाण्या माणसाने उघडलं असतं. मी कडीला हात लावला आणि तशीच उभी राहिले. ऐकत. खोटं कशाला सांगू? स्वतःच्या मयताला काय बोलतात ते किती जणांना ऐकायला मिळतं?

"तुझ्या हाताला लई गुण व्हता गं! मला अडाणीला तू चित्रातून वाचायला शिकवलंस गं! अगं, मी तुला दगड म्हणले, माझी जीभ का झडली न्हाई तवाच! नऊ म्हैनं मी तोंड बघितलं न्हाई, रोज म्हणायची उद्या जाते, उद्या जाते! अगं आता मी दिवाळीला कुनाच्या दारात येऊ गं! भाऊ गेला तवा निम्मं गेलं, आज समदं माहेर बुडालं गं माझं!"

हे शेवटचं त्यांनी ओट्याच्या पायरीवर म्हटलं. मी दार उघडलं.

वन्संचं तोंड उघडंच राहिलं. केस ओले, साडी अर्धी वाळलेली, पदराला भाताची कुसळं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या खांद्यावरून आत बघितलं, जमिनीवर, मयत ठेवतात त्या जागी. तिथे कागदांचा पसारा होता.

"मग कोण गेलं?" त्यांनी विचारलं.

"कुणी नाही," मी म्हणाले.

तोवर अर्धी गल्ली दारात जमली होती. समोरच्या काकू तर पदर डोळ्याला लावूनच पळत आल्या होत्या, त्यांनाही वाटलं मी दुपारी जेवून बसले आणि आटोपले. मला धडधाकट बघितल्यावर त्या हसायला लागल्या, मग दुसऱ्या हसल्या. कुणीतरी म्हणालं, आयुष्य वाढलं बाई, जित्या माणसाची मयताची बातमी आली की आयुष्य वाढतं. वन्सं हसल्या नाहीत. त्या पायरी चढून वर आल्या आणि त्यांनी माझ्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला.

"बाजिंदे! जित्ती हायेस अन् दाराआड उभी राहून ऐकत व्हतीस?"

मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार.

बायकांना वाटेला लावून मी वन्संना आत घेतलं. त्यांना कोरडी साडी दिली, पाणी दिलं, चहा टाकला. पहिला कप त्यांनी एका दमात संपवला आणि मग सांगितलं. भातकापणी चालली होती. मुलगा आणि सून वावरात पुढे, या मागे. फाट्यावरच्या दुकानात पोस्टमन टपाल ठेवून जातो, तिथून कुणीतरी हाक मारली की तुमचं कार्ड आलंय. या विळा टाकून गेल्या. दुकानदाराने कार्ड पुढे केलं.

"माझ्या जन्मात पोस्टानं मला चांगलं कवाच आलं न्हाई," वन्सं म्हणाल्या. "पोस्टानं येतं ते मयताचंच. अन् बघते तर कोपरा नाय."

"पण वन्सं, कार्ड माझं होतं. पणत्या होत्या त्यावर. ताटवाली बाई होती."

"तेच तर! तुझे ठसे मी वळखत न्हाई व्हय? म्हणले, कार्ड तिचं हाय, करून ठेवलेलं. ती गेली, घरात कुणी न्हाई, शेजारच्या कुणीतरी तेच उचललं, कोपरा फाडला अन् टाकलं पोस्टात. दुसरं कोण कळवणार व्हतं? दुकानदाराकडनं तुला फोन लावला, दोनदा. उचललास?"

मी नव्हता उचलला. फोन शिंकाळ्यावरच्या टोपलीत पडून असतो, वाजतो, थांबतो.

वन्संनी कार्ड कुणाला वाचायलाही दिलं नाही. वाचायचं काय होतं? रीतीप्रमाणे तिथल्या तिथे फाडून टाकलं, दुकानामागच्या हातपंपावर डोक्यावरून पाणी घेतलं, पोराला कळवायला दुकानदाराला सांगितलं आणि ओल्या अंगाने, कल्याणकडून आलेल्या पहिल्या गाडीला हात केला. पूर्ण रस्ता शेजारच्या बाईला माझे गुण सांगत आल्या. ती बाई माझ्यासाठी ओतूरपर्यंत रडली, असं त्या म्हणाल्या, आणि पुढे नगरला गेली.

करायला गेले गणपती आणि झाला मारुती, असं म्हणून मी हसायचा प्रयत्न केला. वन्संनी कप खाली ठेवला.

"पण तू तर छापखान्यातली. तुला कळू नये? कोपरा कशापायी कापलास?"

मी खरं तेच सांगितलं. काही वेगळं सुचण्याएवढं माझं डोकं तेव्हा चालत नव्हतं.

"तिथे ते होते. कोपऱ्यात. हाताने आपोआप उमटवले. दरवर्षी उमटवायची सवय. मग बघितलं, तर पाठवणार कसं? म्हणून कापलं."

वन्संनी कप हाताने बाजूला सरकवला.

"टोपी घातलेला?" त्यांनी विचारलं.

"हो."

"कुठं हाय तो तुकडा?"

"केरात गेला असेल."

मला वाटलं आता पुन्हा दगड म्हणतील. म्हणाल्या असत्या तरी चाललं असतं. त्यांनी माझा उजवा हात ओढून स्वतःच्या मांडीवर घेतला आणि बोटांवर वाळलेली खळ नखाने खरवडून काढायला लागल्या. एकेक बोट. त्यांची नखं भातकापणीने काळी झालेली, आणि माझी बोटं मैद्याने पांढरी.

"रडू येत न्हाई तुला?"

"नाही येत. अजून नाही. मी बघितलं करून."

"आत काय वाटतं?"

"काहीच नाही, वन्सं. काहीच वाटत नाही. तेच तर."

"मला वाटलं व्हतं, तुला त्याचं काय न्हाईच."

त्यांनी अंगठा खरवडून झाल्यावर हात उलटा केला, तळवा बघितला आणि परत माझ्या मांडीवर ठेवून दिला.

"न्हाई येत तर न्हाई," त्या म्हणाल्या. "आज मी रडले ती दोघांची मिळून रडले. त्याचं बी राहिलं व्हतं माझं निम्मं. तुझ्यावरच्या रागात नीट रडाया झालंच नव्हतं."

बाहेर मुलांनी फटाके लावायला सुरुवात केली होती. सव्वापाच होत आले होते. मढवरून माळशेजकडे जाणारी गाडी साडेपाचला स्टँडवर लागते. वन्संनी दोरीवरची आपली साडी चाचपून बघितली, ती अजून ओली होती, तरी घडी करायला घेतली.

"निघते. भात कापून पडलाय, अन् वर आभाळ बी आलंय. पोरगं एकटं काय करंल?"

नऊ महिने मला लोक विचारत होते. चहा करू का? सोबतीला झोपायला येऊ का? अवसरीला येतेस का चार दिवस? आणि मी सगळ्याला 'चालेल' म्हणत होते. येऊ का, तर चालेल. जाऊ का, तर चालेल. त्या शब्दाने दिवस निभतात, कुणाचं मन मोडत नाही आणि आपल्याला काही ठरवावं लागत नाही. आता वन्सं जाते म्हणाल्या, आणि माझ्या तोंडात तोच शब्द तयार होता. तो बाहेर पडेना.

"थांबा," मी म्हणाले.

"आं?"

"जाऊ नका. तुम्ही इथे हव्या आहात मला."

रडू आलं नाही. ऊर भरून आला, तसलंही काही नाही. नुसतं हवं होतं, उन्हातून आल्यावर पाणी हवं असतं तेवढंच आणि तसंच. पण ते माझं मला कळलं, आणि मी ते मागितलं. हे करायला मला किती जोर लागला ते मी कुणाला सांगू शकणार नाही.

वन्सं साडी हातात धरून उभ्या होत्या. तेवढ्यात टोपलीतला फोन वाजला. मी उठून घेतला. मढहून त्यांचा मुलगा होता. माझा आवाज ऐकून त्याने दोनदा हॅलो केलं.

"मामी?"

"बोल."

"तुमी... हायेत का?"

"आहे."

"अवो, आमी इथं जीप ठरवली राव! दहा माणसं बसलीत आत. पांढरं कापड बी आणलंय."

मी फोन वन्संकडे दिला. त्यांनी तो कानापासून वीतभर लांब धरला आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात बोलायला लागल्या.

"अरं, मामी ठणठणीत हाय! उतरव समद्यांना खाली. कापड ऱ्हाऊ दे तसंच. भातावर ताडपत्री टाका, बांधाकडची बाजू नीट दाबा, दगड ठेवा वर." मग तिकडून काहीतरी विचारलं गेलं. वन्संनी माझ्याकडे बघितलं. "न्हाई, आज न्हाई. उद्या बी न्हाई. भाऊबीज करून येईन."

तो पुन्हा काहीतरी म्हणाला. भाऊ तर नाही, मग इतके दिवस तिथे कुणाकडे राहणार, असं काहीसं असावं.

"कुणाकडं म्हंजे?" वन्सं म्हणाल्या, आणि हातातली ओली साडी त्यांनी परत दोरीवर टाकली. "माहेरी आलेय मी."